आपोआप चालू होणारं इंजिन

पांढुर्ण्याच्या आमच्या घराला दोन आवाजांची सवय होती. एक, मागच्या बाजूने नागपूरकडे आणि इटारसीकडे जाणाऱ्या गाड्यांचा. दुसरा, हंगामात चालणाऱ्या जिनिंगचा. बाबा जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर होते. काट्याची खोली रेच्यांच्या हॉलला लागून होती, आणि रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं, रांगेने सुरू झाली की शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नसे. सेवानिवृत्त होईपर्यंत बाबांचे दोन्ही कान पुष्कळसे गेले होते. आम्ही त्यांच्याशी मोठ्याने बोलायचो आणि ते स्वतः मात्र अगदी हळू बोलायचे. आपला आवाज त्यांना आतून मोठा वाटत असावा. हे माझं अनुमान आहे. कुठल्या डॉक्टरला मी कधी विचारलं नाही.

ज्या थंडीबद्दल मी लिहिते आहे, त्या थंडीत मी कॉलेजात कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरात माणसं चारच. बाबा, माय, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा दिवाकरभाऊ आणि मी. माय पहाटे चूल पेटवायची ती पऱ्हाट्यांवर. कपाशीची वाळलेली झाडं भराभर पेटतात आणि भराभर विझतात, त्यामुळे चुलीपुढून उठता येत नसे. थंडीत आमच्याकडे ओल्या तुरीचे सोले, म्हणजे शेंगांतले हिरवे दाणे, असत. माय ते पाट्यावर जाडसर वाटून, लसूण-मिरची लावून भाजी करायची, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ती खाल्ली की दुपारपर्यंत भूक लागत नसे. संत्री तर इतकी असत की सालींचा वास आमच्या गोधड्यांना यायचा. बाबांनी बऱ्याच वर्षांपूर्वी मांस-मच्छी सोडली होती. वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना तेच घेत, आणि पंचशीलातलं पहिलं शील, जीवहत्येपासून दूर राहण्याचं, ते नुसतं तोंडाने म्हणणाऱ्यांपैकी नव्हते. मुंग्यांच्या रांगेला वळसा घालून जाताना मी त्यांना पाहिलं आहे. आम्हा तिघांना त्यांनी काही खायला मनाई केली नाही. फक्त घरात मांस-मच्छी शिजली त्या दिवशी ते आपलं ताट घेऊन ओट्यावर बसत.

अशा घरात दिवाकरभाऊने कोंबडीची पिल्लं काढायचा धंदा आणला. तो नागपूरला एका हॅचरीत दोन वर्षं राहून काम शिकला होता. तिथल्या मालकाने जुनं झालेलं अंड्यांचं मशीन त्याला दिलं. लाकडी कपाटासारखं, आत जाळीचे ट्रे, हीटरची कॉइल, पंखा, आणि दाराला काच, म्हणजे दार न उघडता थर्मामीटर वाचता यावा. भाऊने घरामागच्या खोलीला चुना लावला, फरशीवर सिमेंट ओढलं आणि मशीन बसवलं. बाबा म्हणाले, जन्माला घालायचं ते कापण्यासाठीच ना? भाऊने सांगितलं की ही जात अंडी देणाऱ्या कोंबड्यांची आहे, कापायची नाही. बाबांनी नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, “अन् त्यातले अर्धे कोंबडे निघतीन, त्याइचं काय करशीन?” “मी तं फक्त जन्माले घालून राहिलो, बाबा,” तो म्हणाला. “मारणारा मी नाई.” बाबा म्हणाले, “मंग तुले मारणाऱ्याचा पत्ता ठाऊक हाय, एवढंच.” त्यानंतर बाबांनी मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. भाऊही त्यांच्यासमोर अंड्यांचा विषय काढत नसे. जेवताना दोघं एकाच वाटीतलं मीठ घेत, पण एकमेकांना द्या-घ्या म्हणत नसत.

अंडी एकवीस दिवस मशीनमध्ये असतात, आणि त्या काळात उष्णता साडेनव्याण्णव डिग्री फॅरनहाइटवर राहावी लागते. एखादी डिग्री वर-खाली चालते, त्याहून जास्त चालत नाही. आमच्याकडे लाइट तर रोज जायची. थंडीत गहू आणि संत्र्याच्या बागांवर मोटारी सुरू झाल्या की जास्तच. म्हणून भाऊने जनरेटर शोधला, आणि तो त्याला सौसरच्या पुढे, मँगनीजच्या खाणीवरच्या एका बंद पडलेल्या बंगल्यात मिळाला. हिरव्या रंगाचं एकाच सिलेंडरचं डिझेल इंजिन, दोन बाजूंना दोन जड चाकं, मागे डायनॅमो, आणि भिंतीवर टांगायची एक लोखंडी पेटी. ते विलायतेहून आलेलं होतं आणि माझ्या बाबांच्या लग्नाआधीचं असावं. ट्रॅक्टरवर घालून ते लोधीखेड्यावरून आणलं तेव्हा वस्तीतली माणसं पाहायला जमली. आम्ही सगळे त्याला इंजिनच म्हणायचो.

या इंजिनाची करामत अशी होती की ते आपोआप चालू व्हायचं. खाणीचा साहेब संध्याकाळी खोलीतल्या दिव्याचं बटण दाबायचा, आणि अंगणापलीकडच्या शेडमध्ये इंजिन स्वतःच फिरू लागायचं. रात्री शेवटचा दिवा विझवला की स्वतःच थांबायचं. ट्रकच्या दोन मोठ्या बॅटऱ्या त्याला जोडलेल्या असत. बंगल्यावरच्या म्हाताऱ्या चौकीदाराने भाऊला एवढंच सांगितलं होतं की दिवा चालू ठेवायचा, बाकी त्याचं ते पाहून घेतं. भाऊने लाइनमध्ये एक चुंबकाचा स्विच बसवला. सरकारी लाइट गेली की खोलीची लाइन खटकन इंजिनाकडे वळे, खोलीतला दिवा चालू असल्यामुळे इंजिन जागं होई, चाकं दोन-चारदा जड फिरत, मग धड-धड-धड करत वेग घेत, आणि खोलीतला शंभर वॅटचा बल्ब आधी लाल आणि मग पिवळा होत पेटे. मशीनचा स्टार्टर वेगळा होता. लाइट गेली की तो पडे, आणि लाइट आल्यावर त्याचं हिरवं बटण हाताने दाबावं लागे. ते काम माझ्याकडे होतं, आणि मी कॉलेजात असले की मायकडे. माय म्हणायची, “आपोआप म्हणतात अन् मले चुलीवरून उठवतात.”

अंडी भाऊने नागपूरहून पॅसेंजरने आणली, ट्रे मांडीवर घेऊन. पाचशे चाळीस होती. मी ट्रेच्या कडेला पेन्सिलने खुणा केल्या आणि मोजून लावली. त्यानंतर आमचं घर त्या कपाटाभोवती फिरू लागलं. ट्रे दिवसातून ठरलेल्या वेळी तिरके करायचे, खालच्या पसरट तसराळ्यात पाणी भरायचं, काचेतून आकडा वाचायचा. सातव्या दिवशी भाऊने अंडी दिव्यावर पाहिली. त्यासाठी पावडरच्या एका रिकाम्या डब्यात बटणासकट बल्ब बसवून, त्याची तार खोलीच्याच लाइनला जोडून, झाकणाला भोक पाडलेलं होतं. भोकावर अंडं धरलं की आतल्या लाल शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसत, आणि मधोमध एक काळा ठिपका हलत असे. मी पाहिलं. मायने पाहिलं. मग मायने ओट्यावर जाऊन बाबांना काहीतरी सांगितलं. बाबांना ऐकू जावं म्हणून ती जे ओरडली ते मलाही ऐकू आलं: “हलते म्हनलं, आंदर जीव हलते.”

त्या दिवशी संध्याकाळी बाबा मागच्या खोलीत आले. दारात चपला काढून, विहारात शिरावं तसे. भाऊने एक अंडं डब्यावर धरलं आणि बाबांनी वाकून पाहिलं. मग चपला घालून ते परत ओट्यावर गेले. पण दुसऱ्या दिवसापासून तसराळ्यातलं पाणी कोण भरतं हे आम्हाला कळेनासं झालं, कारण आम्ही जावं तर ते भरलेलं असे. मला अजून वाटतं, बाबांनी आपलं मत बदललं नव्हतं. पुढे या पिल्लांचं काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. पण आत जे हलत होतं ते त्यांनी एकदा पाहिलं होतं, आणि त्यानंतर त्याच्याकडे पाठ करून बसणं त्यांना जमलं नाही.

पिल्लं निघायच्या दोन दिवस आधी बाबा बाजारातून एक लांब खोकं घेऊन आले. त्यात ट्यूबलाइट होती, पट्टी-चोकसकट. पिल्लं निघाली की निवडायची, मोजायची, डोळे-पाय पाहायचे, आणि एवढ्याशा पिवळ्या बल्बात भाऊचे डोळे जातील, असं ते मायला म्हणाले. भाऊला थेट म्हणाले नाहीत. स्टूलवर चढून त्यांनी स्वतः बल्बचा होल्डर काढला, त्याच तारांवर ट्यूब बसवली, आणि काढलेला बल्ब वाया जाऊ नये म्हणून न्हाणीत लावला. भाऊ खाली स्टूल धरून उभा होता. ट्यूब दोन-तीनदा फडफडून पेटली आणि चुन्याची खोली एकदम दवाखान्यासारखी पांढरीशुभ्र झाली. आमच्या घरातली ती पहिली ट्यूबलाइट. भाऊ वर पाहून हसला आणि म्हणाला, “मस्त झालं, बाबा.” दोन महिन्यांत त्या दोघांमधलं हे पहिलं सरळ बोललेलं वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वे फाटकाकडून मोठा धमाका ऐकू आला. बाबांनासुद्धा तो ऐकू गेला. आमच्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. ट्यूब विझली, मशीनचा पंखा मंदावत थांबला, स्टार्टर पडला. मी हिरव्या बटणावर बोट ठेवून इंजिनाची वाट पाहत उभी राहिले. खटका पडल्याचा आवाज आला, म्हणजे लाइन वळली होती. पण शेडमध्ये काही हललं नाही. मी भाऊला हाक मारली. तो दात घासता घासता आला, ट्यूबचं बटण बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग शेडकडे पळाला.

पुढचा सगळा दिवस शेडमध्ये आणि खोलीत असा वाटला गेला. भाऊने आधी बॅटऱ्या पाहिल्या. ट्रकचा बल्ब थेट बॅटरीला लावला तर लख्ख पेटला. मग तारांची टोकं खरवडली, पुन्हा आवळली. मग भिंतीवरची पेटी उघडली. आत तांब्याच्या तारांची वेटोळी, पितळी पट्ट्या, बारीक स्प्रिंगा, आणि झाकणाच्या आत चिकटवलेला नकाशा होता, त्याचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला. भाऊने काच कागदाने पट्ट्यांची तोंडं घासली. एक-दोन पट्ट्या बोटाने दाबून पाहिल्या. एकीवर ठिणगी उडाली, दुसरीवर काहीच झालं नाही. कोणती कोणत्या कामाची, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि एखादी स्प्रिंग हलली तर होतं तेही जाईल या भीतीने त्याने हात मागे घेतला. इतके दिवस ते आपोआप चालत होतं, म्हणून ते कसं चालतं हे कुणालाच शिकावं लागलं नव्हतं.

हमीद मिस्त्रीला बोलावलं. हा आमच्या भागातल्या विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. त्याने हँडल घातलं, तेलाची दांडी अंगठ्याने दाबून धरली आणि इंजिन फिरवलं. ते पहिल्या झटक्याला सुरू झालं. धड-धड आवाज ऐकून माय चुलीपुढून पळत आली, मी हिरवं बटण दाबलं, पण खोलीत करंट आलाच नाही. मिस्त्रीने अंगठा काढला तसं इंजिन थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. त्याने हात पुसले आणि भिंतीवरच्या पेटीकडे मान वळवून म्हणाला, “इंजिन में कुछ नहीं है, दिवाकर. इंजिन तो चलना चाहता है. ये डब्बा उसको चलने नहीं देता, और डब्बा मेरा काम नहीं.” पेटी सोडून तार थेट टाकता येईल, पण त्याला वायरमन लागेल, असं तो म्हणाला. गावातले झाडून सगळे वायरमन जळालेल्या ट्रान्सफॉर्मरवर होते. मिस्त्री स्वतः सायकलवर त्यांना शोधायला गेला. तो चांगला माणूस होता; त्याने त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही.

माझं काम आकडे वाचायचं होतं. सकाळी साडेनव्याण्णव होता. थोड्या वेळाने सत्त्याण्णव. मग पंच्याण्णव. दार उघडायचं नव्हतं, कारण उघडलं की उरलेली ऊब जाणार. शेगडी आत ठेवता येत नव्हती, धुराने अंडी गुदमरतात. मायने घरातल्या सगळ्या गोधड्या मशीनवर पांघरल्या, काचेपुरती जागा सोडून. मग बाबांनी सुचवलं की गरम पाण्याच्या बादल्या खालच्या तसराळ्याच्या जागी ठेवाव्या. माय पाणी उकळायची, बाबा बादली उचलून आणायचे, भाऊ दार बोटभर उघडून बादली सरकवायचा, आणि मी आकडा सांगायची. प्रत्येक बादलीनंतर आकडा अर्धा-पाऊण डिग्री चढायचा आणि पुन्हा उतरायचा, आधी होता त्याच्याही खाली. पंखा बंद असल्यामुळे ऊब खालच्या ट्रेलाच लागत होती आणि वरचे ट्रे गार पडत होते, हे आम्हाला कळत होतं, पण त्यावर उपाय नव्हता. एकदा बाबांच्या हातून बादली हिंदकळली आणि पायावर पाणी सांडलं. ते थांबले नाहीत. मायने त्यांना बसा म्हटलं तर म्हणाले, “मी बसीन, पन अंडे कोनाच्या भरोशावर बसतीन?”

आज माझ्या मुलाच्या नागपूरच्या फ्लॅटमध्ये लाइट जाते आणि पंखा थांबायच्या आत इन्व्हर्टर सुरू होतो. नातवंडांना लाइट गेलेली कळतही नाही. मी मात्र अजून मनात थांबते. होईल की नाही याची वाट पाहते. आयुष्यभर मी हिशेबाचं काम केलं आणि त्यात मला कधी भीती वाटली नाही, कारण कागदावरचा आकडा चुकला तर शोधून दुरुस्त करता येतो. त्या दिवशी मी वाचलेले सगळे आकडे बरोबर होते. त्र्याण्णव बरोबर होतं, नव्वद बरोबर होतं. मी नुसती ते मोठ्याने म्हणत होते, बाबांना ऐकू जावं म्हणून ओरडून, आणि प्रत्येक आकड्याला भाऊचा चेहरा आणखी उतरत होता. शेवटी तो म्हणाला, “कुसुम, आता हळू सांग.”

दुपारी कुणी जेवलं नाही. मायने भाकरी केल्या होत्या, त्या टोपलीत तशाच राहिल्या. ती मधेच शेडच्या दारात उभी राहून इंजिनाकडे पाहायची. एकदा म्हणाली, “घरातल्या मोठ्या मानसासारखं हाय हे. कोनी हाक मारल्याबिगर उठत नाई.” भाऊ चिडला, म्हणाला, सकाळपासून हाकाच मारून राहिलो ना मी. कुणीच त्या बोलण्याचा पुढे विचार केला नाही, आणि मायनेही तो टोमणा म्हणूनच मारला होता.

ऊन उतरलं, आणि थंडी लागायला लागली. हमीद मिस्त्री परत आला नव्हता. आकडा पंच्याऐंशीच्या खाली होता. भाऊ काचेपुढून मागे वळला आणि म्हणाला की आतलं काही जिवंत आहे की नाही हे तरी पाहू. मेलेल्यांसाठी मायला चुलीपुढे कशाला बसवायचं. त्याने वरचा एक ट्रे काढून टेबलावर ठेवला. त्याच्या हातात बॅटरीचा टॉर्च होता, पण दिवसभर पेटीत डोकावून त्यातले सेल उतरले होते. मी अंडं उचललं आणि पावडरच्या डब्याच्या भोकावर धरलं, जसं दर वेळी धरायची. आणि दर वेळेसारखंच, काही विचार न करता, डाव्या हाताने डब्याचं बटण दाबलं. लाइट नाही हे मला ठाऊक होतं. हाताला ठाऊक नसावं.

शेडमध्ये चाकं फिरली.

एकदा जड, दोनदा जड, आणि मग धड-धड-धड. डब्याच्या भोकातून आधी लाल उजेड आला, मग पिवळा, आणि माझ्या बोटांत धरलेलं अंडं आतून उजळलं. त्याच्यामागे वर ट्यूब फडफडली आणि खोली पांढरी झाली. भाऊ ओरडला, “बटन.” मी धावत जाऊन हिरवं बटण दाबलं. पंखा फिरला. बाबा बादली घेऊन दारात उभे होते. त्यांनी ती खाली ठेवली आणि जमिनीवरच बसले. माय पदराने तोंड पुसत म्हणाली की झालं बाई एकदाचं. मी भाऊकडे पाहिलं. तो इंजिनाकडे गेला नाही. तो त्या डब्याकडे पाहत होता, मग वर ट्यूबकडे, मग पुन्हा डब्याकडे.

ट्रान्सफॉर्मर बदलून लाइट आली तेव्हा, बाबा विहारात गेलेले असताना, भाऊने मला खोलीत बोलावलं. मशीन त्याने वेगळ्या लाइनवर घेतलं होतं. त्याने खोलीचा मेन स्विच पाडला. ट्यूबचं बटण चालू होतं. इंजिन उठलं नाही. मग त्याने डब्याचं बटण दाबलं, इंजिन उठलं. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तसंच. त्यामागचं कारण मला पुष्कळ वर्षांनी एका इंजिनियर ओळखीच्याने समजावलं. बॅटऱ्यांचा बारीकसा करंट जोडलेल्या लाइनभर फिरून कुठे दिवा लागलेला आहे का ते शोधत असतो. साध्या बल्बची तार सलग असते, तिच्यातून तो जाऊन परत येतो आणि इंजिनाला कळतं की कुणाला तरी आपली गरज आहे. ट्यूब पेटेपर्यंत मधोमध तुटलेली असते. तिच्यातून बॅटरीचा करंट जातच नाही. ट्यूब लावल्यापासून इंजिनाच्या लेखी त्या खोलीत कुणी नव्हतं. त्यावेळी भाऊला एवढं ठाऊक नव्हतं. पण बल्बने होतं आणि ट्यूबने होत नाही, एवढं पुरेसं होतं. त्याने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, “बाबाले सांगू नोको.” मी “नाही सांगत” म्हटलं. “मायलेबी नोको सांगू. तिच्या तोंडून निघून जाईन.” मग, माझ्याकडे न पाहता, “थे शील घेते ना व रोज. त्याच्या हातानं झालं, हे त्याले नाई समजलं पायजे.”

त्याने ट्यूबशेजारी एक बल्ब लावला. बाबांनी विचारलं तर सांगितलं की उबेसाठी. बाबांना खरं कारण आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि भाऊही गेला, म्हणून मी इथे लिहिते.

एकविसाव्या दिवशी खालच्या ट्रेमधली काही अंडी फुटली. बाविसाव्या दिवशी आणखी काही. पाचशे चाळिसांतून एकसष्ट पिल्लं निघाली, त्यातली नऊ संध्याकाळपर्यंत टिकली नाहीत. उरलेली टोपलीत बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत होती, आणि वरच्या सगळ्या ट्रेंवर स्वच्छ, पांढरी, न तडकलेली अंडी ओळीने होती. भाऊला ठाऊक होतं की आता मशीन बंद करून ती बाहेर नेऊन पुरायला हवीत. त्याने मला घमेलं आणायला सांगितलं. मी घमेलं घेऊन आले तर बाबा मशीनपुढे स्टूल टाकून बसले होते, दार किलकिलं करून, हातात एक अंडं घेऊन. ते त्यांनी कानाला लावलेलं होतं.

भाऊ त्यांच्या मागे उभा राहिला. मी दारातच थांबले. बाबांनी अंडं दुसऱ्या कानाला लावलं, डोळे मिटले, आणि मग आमच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “येऊन राहिला. बारीक हाय, पन येऊन राहिला.” त्यांनी अंडं भाऊपुढे धरलं. “पाय, ऐक तू.”

भाऊने ते घेतलं. कानाला लावलं. जितका वेळ खरोखर ऐकायला लागतो तितका वेळ तो तसाच उभा राहिला. इंजिन बंद होतं, टोपलीतली पिल्लं एव्हाना झोपली होती, आणि त्या खोलीत अंड्यातून आवाज आला असता तर मलाही दारात ऐकू आला असता.

“हो बाबा,” तो मोठ्याने म्हणाला, त्यांना ऐकू जाईल असं. “येऊन राहिला.”

“मंग बंद नोको करू अजून.”

“नाई करत.”

भाऊने अंडं जपून ट्रेमध्ये ठेवलं आणि दार लावून घेतलं. मला त्याने हातानेच खूण केली, घमेलं परत ने म्हणून. त्या दिवशी मशीन बंद केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.